गोव्यातले साप : कुठे कोणता भेटतो आणि चावल्यावर पहिल्या तासात काय करायचे

म्हादईकाठ :

पहिले दोन पाऊस पडले की "हा कोणता साप?" असे फोटो सगळीकडे फिरू लागतात. उत्तर देणारे असतात, पण उत्तर येईपर्यंत बिचारा साप काठीखाली गेलेला असतो. विषारी आणि बिनविषारी अशा दोन याद्या शाळेत सगळ्यांनी पाठ केल्या आहेत. रात्री न्हाणीकडे जाताना त्या उपयोगी पडत नाहीत. कोणत्या जागी कोणता साप असतो हे मनात असेल तर हात घालायच्या आधी थांबतो. म्हणून इथे जागांप्रमाणे मांडतो आहे. राहिलेले जाणकारांनी भरावे.

घर आणि परसू : सगळ्यात जास्त दिसते ती धामण. उंदरांमागे येते, सहा-सात फूट सहज वाढते. डोळे मोठे, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. माणूस दिसला की पळते. नाग समजून सर्वात जास्त मारली जाते ती हीच. कवड्या पालींमागे भिंती चढतो, वळचणीत आणि मीटरच्या पेटीमागे सापडतो. तस्कर, नानेटी आणि न्हाणीच्या ओल्या कोपऱ्यातला गांडुळासारखा वाळा, हे सगळे बिनविषारी. याच जागेत नाग आणि मण्यार हे दोन विषारीही येतात. नाग उंदीर-बेडकांमागे, कधी कोंबड्यांच्या खुराड्यात. मण्यार रात्रीची, इतर सापांना खाणारी, म्हणजे कवड्या आणि वाळा जिथे जास्त तिथे तिचेही येणे-जाणे.

सडा : जांभ्या दगडाची उघडी पठारे. इथला धनी फुरसे. जेमतेम फूट-दीड फूट लांब, मातकट, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण, अंगाच्या दोन्ही बाजूंना नागमोडी पांढरट रेघ. सुट्या चिऱ्याखाली दिवसभर वेटोळे घालून असते. डिवचले की अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. लहान म्हणून हलक्यात घेऊ नये.

मळे, बांध, गवताळ भाटले : इथे घोणस. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे गोल-लंबगोल तपकिरी ठिपके तीन रांगांत, प्रत्येक ठिपक्याला काळी-पांढरी कड. प्रेशर कुकरची शिटी दाबून सोडावी तसा फुत्कार. ती पळत नाही, जागेवर बसून राहते, आणि पाय जवळ पडला की क्षणात चावते. पाणथळ मळ्यात दिवड भरपूर. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकडी, डोळ्याखालून दोन काळ्या तिरक्या रेघा. तापट आहे, मान चपटी करून नागाचा आव आणते, चावतेही, पण विष नाही.

कुळागर (पोफळी-माडांची बाग) आणि डोंगराकडचा भाग (सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण) : पाचोळ्यात नाक वर वळलेला छोटा तपकिरी चापडा, झुडपांवर हिरवा बांबू चापडा, पावसाळ्यात ओहोळांकाठी मलबारी चापडा. मलबारी चापड्याला रंगांचा नेम नाही. हिरवा, पिवळट, तपकिरी, नारिंगी असे सगळे रंग एकाच जातीत दिसतात. आणि नागराज (किंग कोब्रा). त्याच्याबद्दल वेगळे लिहितो.

---

वायंगण :

छान सुरुवात, म्हादईकाठबाब. शेतीच्या बाजूने भर घालतो.

सरदीची (पावसाळी भाताची) कापणी ऑक्टोबरात सुरू होते तेव्हा पिकात उंदीर सर्वात जास्त असतात, म्हणून घोणसही तिथेच. विळ्याने कापताना डाव्या हाताची मूठ भाताच्या बुडाशी जाते, आणि चावा बहुधा तिथेच किंवा घोट्याला बसतो. तीन गोष्टी पाळाव्यात. गुडघ्याखालपर्यंतचे रबरी गमबूट (घोणशीचे दात लांब असतात, तरी जाड रबर आणि आतली सैल जागा बराच आधार देते, आतून विजार घट्ट खोचू नये, सैलच हवी). कापायच्या पट्ट्यात आधी लांब काठी फिरवून रोपे हलवणे. आणि पेंढ्या रात्रभर जमिनीवर पडू दिल्या असतील तर सकाळी उचलताना हाताने न उचलता आधी काठीने किंवा दाताळ्याने उलटणे. पेंढीखाली ऊब असते आणि उंदीरही.

यंत्राने कापणी करणारे चारही बाजूंनी आत आत येतात. मग शेतातले सगळे साप मधल्या शेवटच्या तुकड्यात गोळा होतात. एका बांधाकडून सुरू करून दुसऱ्या बांधाकडे सरकत जावे, म्हणजे जनावरांना निघून जायला वाट राहते. शेवटच्या तुकड्यात राहिलेले भात गोळा करायला कोणी अनवाणी उतरू नये.

फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. पाचोळ्यातून बोंडे आणि बिया हाताने वेचणे हे सापाच्या दृष्टीने वर्षातले सगळ्यात धोक्याचे काम आहे, कारण नाकवळ्या चापडा आणि सुकलेले पान यांच्यात फरक दिसत नाही. टोकाला खिळा मारलेली काठी आपल्याकडे पूर्वीपासून आहे. बोंडू टोचून उचलायचा, बी नंतर पिळून काढायची. वाकायचे श्रम वाचतात म्हणून ती आहे असे लोक समजतात, पण हात पाचोळ्यापासून तीन फूट लांब राहतो हा तिचा मोठा गुण. शक्य असेल तिथे झाडाखालचा पाचोळा हंगामाच्या आधी, जानेवारीतच ओढून बुंध्यापासून लांब लावावा.

---

कौलारू :

एक प्रश्न. त्रिकोणी डोके असले की विषारी, असे सगळीकडे लिहिलेले असते. हे किती धरावे?

---

म्हादईकाठ :

अजिबात धरू नये. नाग आणि मण्यार यांचे डोके त्रिकोणी नसते, आणि दोघांच्याही चाव्याने माणसे मरतात. उलट मांजऱ्या साप आणि घाबरलेली दिवड डोके चपटे करून त्रिकोणी दाखवतात. डोळ्याच्या बाहुलीवरून, शेपटीवरून ओळखायचे नियमही असेच फसवे आहेत. सापाइतके जवळ जाऊन बाहुली बघावी लागत असेल तर तो नियमच घातक.

त्यापेक्षा ज्या जोड्यांत घोटाळा होतो तेवढ्या पक्क्या कराव्यात :

मण्यार आणि कवड्या. मण्यार निळसर काळी, चकचकीत, पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने. मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट, शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. फोटो स्पष्ट असेल तर मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग दिसते, कवड्याला ती नसते. काही कवड्यांना पट्टेच नसतात, काही मण्यारींचेही पुसट असतात. शंका आली की मण्यार समजूनच वागायचे.

घोणस, अजगराचे पिल्लू आणि डुरक्या घोणस. अजगराचे डाग वेडेवाकडे आणि एकमेकांना चिकटलेले, डोक्यावर बाणाचे टोक. डुरक्या घोणस बुटकी, शेपूट आखूड आणि बोथट, डागांना ठरावीक आकार नाही. घोणशीची साखळी मात्र नीट आखल्यासारखी आणि शेपूट एकदम निमुळते. अजगराची पिल्ले घोणस म्हणून मारली जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे घोणस अजगराचे पिल्लू समजून हातात घेतली जाते.

हरणटोळ आणि बांबू चापडा. हरणटोळ चाबकासारखा बारीक, तोंड टोकदार. चापडा जाडसर, डोके रुंद, फांदीवर वेटोळ्यात निवांत बसलेला.

स्थानिक नावांबद्दल एक सावधगिरी. पेडण्यात एक नाव, काणकोणात दुसरे, आणि सीमेपलीकडे तेच नाव तिसऱ्याच सापाला. त्यामुळे डॉक्टरांना नुसते नाव न सांगता सापाचे वर्णन सांगावे किंवा लांबून काढलेला फोटो दाखवावा.

---

शुश्रूषा :

फोटोच्या मुद्द्यावर जोर देते. फोटो सहज मिळाला तर घ्या, त्यासाठी दोन मिनिटेही थांबू नका. साप मारून पिशवीतून आणू नका. डोके तुटलेल्या सापाचा जबडाही बराच वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतो, आणि त्यातून विष जाते. उपचार लक्षणांवर ठरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच बहुगुणी प्रतिविष दिले जाते, त्यामुळे नाव कळले नाही म्हणून उपचार अडत नाहीत.

चावल्यानंतर घरच्यांनी करायचे ते असे.

माणसाला सापापासून बाजूला घ्या आणि आडवे करा. वेळ पाहून लिहून ठेवा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, घट्ट बूट लगेच काढा. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा पट्टी-काठीने स्थिर करा. घट्ट आवळायचे नाही, खाली बोट जाईल इतके सैल. हालचालीने स्नायू दाबले जातात आणि विष लसिकेतून लवकर पसरते, म्हणून चालवायचे नाही, उचलून न्यायचे. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. १०८ ला फोन. रुग्णवाहिका पोचणार नाही अशा वाडीत असाल तर दुचाकीवर मधे रुग्ण, मागे त्याला धरून बसणारा तिसरा माणूस, अशी नेण्याची पद्धत चालते. वेळ वाचतो.

वाटेत दर काही मिनिटांनी बघा : पापण्या जड होतात का, एकाचे दोन दिसतात का, बोलणे बोबडे, थुंकी गिळता न येणे, मान न धरणे. हिरड्यांतून रक्त, लघवी लाल, पोटात कळा. सूज कुठवर आली तिथे पेनने रेघ मारून वेळ लिहा. ही एक रेघ डॉक्टरांना पुष्कळ सांगते.

काय करायचे नाही : चावलेल्या जागी चिरा पाडणे, चोखणे, बर्फ, चुना, मिरची खायला देऊन तिखट लागते का पाहणे, दारू, झाडपाला, मंत्र. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

---

चिरेबंदी :

ताई, आवळपट्टीचे काय? वर्षानुवर्षे चावलेल्या जागेच्या वर दोरी घट्ट बांधा हेच शिकवले गेले. विष वर चढू नये हा तर्क बरोबर वाटतो.

---

शुश्रूषा :

तर्क वाटतो, पण शरीरात तसे घडत नाही. दोरीने विष पूर्ण थांबत नाही. घोणस, फुरसे आणि नाग यांचे विष मांस कुजवते. दोरी बांधली की ते एकाच जागी साचून कुजणे वाढते, आणि रक्तपुरवठा तुटल्याने उरलेलाही भाग मरतो. बोटे-पाय कापावे लागण्यामागे पुष्कळदा विषाबरोबर दोरीही असते. आणि सोडताना आणखी धोका : साचलेले विष एकदम अंगात जाऊन माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो.

म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. बांधू नका. पण आधीच कोणी बांधली असेल तर वाटेत झटकन सोडूही नका; रुग्णालयात शीर लावून, प्रतिविष आणि श्वासाची सोय तयार ठेवून डॉक्टर ती सोडतात.

मण्यारीबद्दल स्वतंत्र लिहिते, कारण तिथे घरच्यांची चूक सर्वात सहज होते. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणा कित्येकदा सापडतही नाहीत. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पित्त समजून सोडा-लिंबू घेतो. मग घसा धरतो, पापण्या मिटतात. लक्षणे तासाभरात येतात तशी सहा-आठ तासांनीही येतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळा आणि जड पापण्या असे एकत्र दिसले, की साप दिसलेला नसला तरी मण्यार समजूनच पळवा. तिचे विष नसांच्या टोकांवर जाऊन बसले की प्रतिविष ते मागे फिरवू शकत नाही. पुढचे वाढू देत नाही इतकेच. त्यानंतर कृत्रिम श्वास हाच आधार, कधी काही दिवस. या अवस्थेत माणूस डोळे उघडू शकत नाही, हलत नाही, बाहुल्या प्रतिसाद देत नाहीत, पण त्याला ऐकू येत असते. गेला समजून प्रयत्न सोडू नका. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा, पोचेपर्यंत.

---

कौलारू :

रुग्णालयात पोचल्यावर रक्त घेऊन बाजूला ठेवतात आणि वीस मिनिटे काहीच करत नाहीत, अशी लोकांची तक्रार असते. त्यामागचे कारण कोणी सांगेल का?

---

शुश्रूषा :

ती चाचणीच आहे. दोन-तीन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरपी करतात. रक्त गोठले नाही तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो, म्हणून नवी काच. कोणी ती नळी उचलून बघू नये, हलली की चाचणी पुन्हा करावी लागते.

लक्षणे दिसली की प्रतिविष शिरेतून देतात. पहिली मात्रा साधारण आठ ते दहा कुप्यांची, अर्ध्या ते एक तासात. लहान मुलाला आणि मोठ्याला मात्रा सारखीच, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते. मुलाला इतके कसे दिले म्हणून भांडू नका. घोड्याच्या रक्तापासून बनत असल्याने खाज, पुरळ, रक्तदाब उतरणे अशा प्रतिक्रिया येऊ शकतात; म्हणून आधीच दमा, ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असे काही असेल तर सांगा. रक्त गोठत नसताना दंडात किंवा कुल्ल्यात सुई टोचत नाहीत, तेव्हा "धनुर्वाताचे इंजेक्शन लगेच का नाही" असेही विचारू नका.

लक्षणे नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहायचे. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, पुरळ उठले तर परत दाखवायचे. ते प्रतिविषाचे उशिरा येणारे परिणाम असतात. घोणस चावलेल्याने लघवी किती होते यावर लक्ष ठेवायचे, मूत्रपिंडे दुखावतात.

जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष असेल तर पहिली मात्रा तिथेच घेऊन मगच बांबोळीच्या गोमेकॉकडे (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाला किंवा मडगावला जिल्हा रुग्णालयात जाणे शहाणपणाचे. सांगे-काणकोणच्या टोकाच्या गावांतून थेट बांबोळी गाठायच्या हट्टात पहिला तास जातो. पाऊस सुरू व्हायच्या आधी आपल्या केंद्रात फोन करून प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून ठेवा.

---

रापण :

किनाऱ्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो.

समुद्रसाप विषारीच समजायचे. ओळख शेपटीची : वल्ह्यासारखी चपटी. जाळ्यात चोचीसारखे तोंड असलेला समुद्रसाप पुष्कळदा येतो. मासळी निवडताना हाताने चाचपडणे हेच चाव्याचे कारण. जाळे रिकामे करताना आधी मासळी फळीवर पसरायची, साप दिसला की लांब चिमट्याने किंवा आकड्याने उचलून पाण्यात सोडायचा. शेपटीला धरून भिरकावणे ही जुनी सवय घातक आहे.

चावा दुखत नाही. काही तासांत सगळे अंग ठणकते, जबडा आवळतो, लघवी काळपट होते, कारण विष स्नायू विरघळवते. आपल्याकडचे प्रतिविष यावर चालत नाही. श्वास आणि मूत्रपिंडे सांभाळणे हाच उपचार. म्हणून खणखणीत दिसणाऱ्या माणसालाही मोठ्या रुग्णालयातच न्यायचे.

पावसाळ्यात वादळानंतर हे साप वाळूवर फेकले जातात आणि मलूल पडलेले असतात. पर्यटक मुले काठीने डिवचतात. हात लावू देऊ नका, जवळच्या जीवरक्षकाला सांगा.

खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात) मात्र उलटे. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) जाळ्यात आणि कांदळवनात सापडणारा श्वानमुखी पाणसाप माणसाला घातक नाही. मानशीवर सगळे पाणसाप सरसकट ठेचतात, तसे करायची गरज नाही. पण चपटी शेपटी दिसली तर तो समुद्रसाप, भरतीबरोबर खाडीत आत येतो.

---

म्हादईकाठ :

रापणबाबनी प्रतिविषाचा मुद्दा काढला तो जंगलाकडच्या गावांनाही लागू आहे. नाकवळ्या चापडा, हिरवा चापडा, मलबारी चापडा आणि नागराज यांचे विष आपल्या बहुगुणी प्रतिविषात धरलेले नाही. नाकवळ्याच्या चाव्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची आणि रक्त गोठणे बिघडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. "चापडाच तर आहे" म्हणून घरी बसणे चुकीचे. इथे मात्र फोटोचा खरा उपयोग, कारण फुरसे समजून कुप्यांवर कुप्या दिल्या जातात आणि फरक पडत नाही.

नागराज : म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांच्या भागात आहे. तो साप खातो, धामण हे त्याचे मुख्य अन्न, म्हणून धामणीमागे कुळागरात येतो. मादी उन्हाळ्यात पाने, बहुधा बांबूची, ओढून ढीग करते आणि आत अंडी घालून राखण करते. सापांत असे घरटे करणारी ही एकच. बांबूच्या बेटात नीट रचल्यासारखा पानांचा ढीग दिसला तर तिथली तोड पाऊस लागेपर्यंत पुढे ढकला आणि वनखात्याला कळवा.

---

चिरेबंदी :

आता घराचे. घराच्या कामात हात असणाऱ्यांसाठी मापे देतो.

सहा मिलिमीटरच्या फटीतून लहान साप आत येतो. म्हणून न्हाणीच्या आणि मोरीच्या तोंडाला सहा मिलिमीटरपेक्षा बारीक भोकाची लोखंडी किंवा स्टीलची जाळी, चौकटीत स्क्रूने बसवलेली, म्हणजे साफ करायला निघते. नुसती कोंबलेली जाळी आठवड्यात उंदीर उपटतात. दाराखाली रबरी पट्टी, जमिनीला टेकणारी. जुन्या घरांत उंबरठा झिजून मधे खोलगट झालेला असतो, तिथे पट्टी टेकत नाही, आधी सिमेंटने उंबरठा सरळ करावा लागतो.

सुक्या चिऱ्यांचा गडगा म्हणजे सापांची चाळ. पूर्ण गडगा लिंपू नका, पावसाचे पाणी अडून तो ढासळतो. घरापासून दहा-बारा फुटांतला भाग तेवढा सांध्यांत भरून घ्या आणि खाली पाणी जायला जाळी लावलेली भोके ठेवा.

पुरुमेंताचे (पावसाळ्याच्या बेगमीचे) दिवस महत्त्वाचे. मे महिन्यात तांदूळ, सुके मासे, लाकडे, नारळाची सोडणे, माडाची चुडते सगळे एकदम घराला चिकटून रचले जाते. उंदीर लगेच येतात, जूनमध्ये त्यांच्यामागे साप. लाकडे भिंतीपासून दोन फूट लांब, जमिनीपासून फूटभर उंच चिऱ्यांवर रचा. खालून आरपार दिसले पाहिजे. काढताना वरून काढा, मधला ओंडका ओढू नका. धान्य पत्र्याच्या पिंपात. कौलांवर टेकलेल्या फांद्या कौलांपासून चार फूट लांब राहतील अशा छाटा. कवड्या आणि मांजऱ्या तिथूनच आत उतरतात.

फिनेल, कार्बोलिक, गंधक, लसूण, मीठ यांची रेघ ओढून साप थांबत नाही. पैसे जाळीवर घाला.

---

वायंगण :

अनुमोदन. एक भर : भाजीच्या मळ्याला आणि खुराड्याला लोक जुनी नायलॉनची मासेमारीची जाळी बांधतात. धामण, नाग त्यात घुसतात आणि खवले उलट्या दिशेने अडकल्याने मागे येता येत नाही, धागा मांसात रुततो. अडकलेला साप घाबरलेला आणि चावायला तयार असतो. कात्री घेऊन स्वतः सोडवायला जाऊ नका. सर्पमित्र येईपर्यंत त्यावर ओले गोणपाट टाकून सावली करा, तेही लांब काठीने. त्या जाळीऐवजी वेल्डेड तारेची जाळी लावा आणि बूड अर्धा फूट मातीत गाडा.

---

कौलारू :

घरात साप शिरलाच तर? सर्पमित्राला यायला तास लागतो.

---

म्हादईकाठ :

दोन मीटर मागे. मुले, कुत्रा, मांजर बाहेर. एका माणसाने लांबून नजर ठेवायची, नजरेआड झालेला साप शोधणे सगळ्यात कठीण. खोलीचे बाहेर उघडणारे दार असेल तर ते उघडे ठेवून आतली दारे बंद करा, दाराखाली ओली चादर कोंबा. पुष्कळदा साप आपणच निघून जातो. झाडूने ढकलणे, रॉकेल ओतणे, वर टोपले टाकायला जाणे यातच चावे बसतात. वनखात्याचा आणि आपल्या भागातल्या सर्पमित्राचा नंबर आधीच भिंतीवर लिहिलेला असावा. सर्पमित्र नळी-पिशवी आणि आकडा न आणता, नुसत्या हाताने खेळ करून दाखवणारा असेल तर पुढच्या वेळी दुसरा बोलवा. वनखात्याच्या परवानगीशिवाय साप पकडणे, बाळगणे, मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या.

---

शुश्रूषा :

झोपण्याबद्दल राहिले. पलंग नसेल तर निदान मच्छरदाणी, आणि तिची कड चटईखाली चारही बाजूंनी खोचलेली. नुसती लोंबती मच्छरदाणी मण्यारीला अडवत नाही, उलट आत शिरलेली बाहेर पडत नाही. उशाशी बॅटरी. रात्री उठल्यावर पाय टेकण्याआधी प्रकाश, मग पाऊल. बाहेर ठेवलेले बूट आणि हेल्मेट घालण्याआधी उलटे आपटा. पावसात अंगणात उभ्या स्कूटरच्या पुढच्या खोबणीत हात घालण्याआधी बॅटरीने बघा, तिथे तस्कर आणि कवड्या कोरडी जागा म्हणून बसतात.

---

कौलारू :

खोचलेल्या मच्छरदाणीचा मुद्दा पटला. मांगरात (शेतावरच्या खोपटात) राखणीला झोपणाऱ्यांना तिथे पलंग नेणे शक्य नसते, त्यांच्यासाठी काय?

---

चिरेबंदी :

चार चिरे आणि दोन माडाच्या किंवा पोफळीच्या फळ्या. दीड फूट उंच माची होते. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, अंथरुणाची आणि गोधडीची टोके जमिनीला लागू देऊ नका, आणि मच्छरदाणी फळीखाली खोचा. चिऱ्यांच्या पोकळीत गोणपाट कोंबू नका, तिथे उंदीर घर करतात.